कांदिवलीत राहून निसर्गातून अमूर्त चित्र कसं करायचं?

तुमचं म्हणणं मला कळलं ते असं. तुम्ही कांदिवलीला राहता, नोकरी फोर्टात, आणि रात्री जेवणं आटोपली की हॉलच्या कोपऱ्यात ॲक्रिलिकमध्ये अमूर्त चित्रं करता. निसर्ग ही तुमची प्रेरणा. पण मुंबईत निसर्ग उरलाय कुठं, म्हणून रजा टाकून कधी भंडारदऱ्याला, कधी तारकर्लीला जाता, फोनमध्ये ढीगभर फोटो आणता आणि त्यावरून चित्रं करता. ती पाहून घरचे म्हणतात, ‘छान आहे, सोफ्याच्या वर लावू या.’ हे तुम्हाला लागतं, कारण आतून तुम्हालाही ती सजावटच वाटते. म्हणून विचारताय, की नोकरी सोडून कोकणात जाऊन राहावं का.

नोकरीचं मी काय सांगणार? घराचे हप्ते, मुलांची वयं, घरात दुसरं कमावणारं कुणी आहे की नाही, यावर ते ठरेल. पण निसर्ग जवळ हवा एवढ्याच कारणासाठी जाणार असाल तर जाऊ नका. तारकर्लीत राहायला गेलात तरी फोन बरोबर येणारच, आणि माझ्या मते तुमचं चित्र अडलंय ते त्या फोनपाशी.

फोटोवरून अमूर्त चित्र करताना नेमकं काय होतं ते बघा. समोर डोंगर, पाणी, आकाश. तुम्ही तपशील गाळता, कडा ढोबळ करता, रंग थोडे भडक किंवा थोडे फिके करता. उरतं काय, तर वर निळा पट्टा, मध्ये हिरवा, खाली पुन्हा निळा. हे निसर्गदृश्यच झालं, फक्त अर्धवट पुसलेलं. बघणाऱ्याला ते लगेच कळतं. तो डोंगर ओळखतो, समाधानानं मान हलवतो आणि पुढं जातो. फोटोत वेळही नसतो. भंडारदऱ्याला तुम्ही तासभर बसलात, त्या तासात ढग सरकले, पाण्याचा रंग बदलला, वारा पडला. फोनच्या हाती लागला त्यातला एक क्षण. शिवाय कॅमेरा उजेड आपल्या सोयीनं मोजतो. आभाळ सांभाळायला गेला की झाडी काळी पडते, झाडी सांभाळली की आभाळ पांढरंफटक. डोळा दोन्हीकडे आळीपाळीनं बघून स्वतःच हिशेब जुळवत असतो, आणि चित्रकाराला लागणारी गोष्ट त्या जुळवाजुळवीतच असते. त्यावर फोनचा पडदा मागून उजळलेला. त्यातला निळा रंग कॅनव्हासवर आणायला गेलात की रंग कच्चा दिसणार.

मग निसर्गातून घ्यायचं काय? माझ्या कामापुरतं सांगते. आकार मी फारसे घेत नाही, घडणं घेते. एखादी गोष्ट कशी साचते, कशी वाहून जाते, कुठं सुकते, कशाच्या भारानं वाकते. हे मुंबईत इतकं आहे की आयुष्य पुरणार नाही.

तुमचाच रोजचा रस्ता घेऊ. कांदिवली ते चर्चगेट. वांद्रे सोडल्यावर माहीमच्या आधी गाडी खाडीवरून जाते. काही सेकंदांचा मामला, वास आला की लोक नाक दाबतात. समजा तुमची गाडी तिथून रोज नऊच्या सुमाराला जाते. भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते, त्यामुळे घड्याळात वेळ तीच असली तरी पाणी रोज वेगळं भेटतं. किनाऱ्यावरची जुनी माणसं तिथीला पाऊणनं गुणून भरतीची वेळ काढतात. द्वादशीला बारा गुणिले पाऊण, म्हणजे नऊला भरती, म्हणजे तुमची गाडी जाते तेव्हा खाडी तुडुंब. चतुर्थीला भरती तीनला, म्हणून नऊला ओहोटी आणि सगळा चिखल उघडा. पंधरा दिवसांत चक्र फिरून जवळपास तिथंच येतं, पण तोवर वारा आणि उजेड बदललेला असतो. एकच जागा, एकच वेळ, एकच चौकट, म्हणजे गाडीचा दरवाजा किंवा खिडकी. इतकी शिस्तशीर पाहणी करायला एखादा चित्रकार मुद्दाम घर भाड्यानं घेईल. तुम्हाला ती पासात मिळतेय.

हे करून बघा. डब्यात काही काढू नका, गर्दीत ते जमणारही नाही. फक्त बघा. ऑफिसात पोचल्यावर हातभर कागदही नको, पोस्टकार्डाएवढा तुकडा घ्या आणि पेन्सिलीनं तीनच छटांत मांडा: गडद, मधली, फिकी. पूल, झोपड्या, नळ काढायचे नाहीत. गडद किती जागा खात होतं, फिक्याशी त्याची कड कशी भेटत होती, कापल्यासारखी की विरघळल्यासारखी, एवढंच. खाली दोन शब्द: ‘जड’, ‘वरून दाबलेलं’, ‘मध्ये फाटलं’. तारीख आणि तिथी टाका. पावसाळा धरून चार-सहा महिने हे केलंत, की कुठल्याही सहलीच्या फोटोंपेक्षा जास्त माल तुमच्याकडे जमेल, आणि तो दुसऱ्या कुणाकडे नसेल.

मी बोरिवलीला राहते. माझी बघायची जागा म्हणजे गोराईची जेट्टी, होडीला लोक उभे असतात तिथून थोडं बाजूला. तिथं ओहोटीला तिवरांची श्वासमुळं चिखलातून वर आलेली दिसतात, पेन्सिली खोचल्यासारखी. माझ्याकडे शिकायला येणारी मुलं सुरुवातीला ती मुळंच काढतात. काढू द्यावीत, हात तयार होतो. पण थोडे दिवस गेल्यावर लक्ष दुसरीकडे जायला लागतं. जेट्टीच्या खांबांवर पाण्याच्या पातळीचे आडवे पट्टे दिसतात. अगदी खाली गुळगुळीत हिरवट काळं, त्यावर कालवांचा खडबडीत पांढुरका थर, त्याच्या वर नुसता ओला सिमेंटचा रंग आणि शेवटी कोरडा. उधाणाचं पाणी कुठवर चढतं आणि भांगाचं, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या छोट्या भरतीचं, कुठवर, हे त्या खांबावर वाचता येतं. हे पट्टे कुणी रंगवलेले नाहीत. जिथं पाणी जास्त वेळ थांबतं तिथं एक जीव वाढतो, कमी थांबतं तिथं दुसरा. म्हणजे तिथला रंग हा वेळेचा हिशेब आहे. हे कळल्यापासून माझ्या चित्रातले आडवे पट्टे ‘क्षितिज’ राहिले नाहीत. एखादा पट्टा किती रुंद ठेवायचा ते त्यावर किती थर चढले यावरून ठरायला लागलं.

कॅनव्हासवर हे कसं उतरतं, ते जरा खोलात सांगते, कारण तुमची खरी गरज तिथं आहे. ॲक्रिलिक पातळ करून आडव्या ठेवलेल्या कॅनव्हासवर ओतलं की ते सुकताना कडेला गडद रेघ सोडतं. ओट्यावर सांडलेला चहा पुसायचा राहिला की जी किनार उमटते, ती हीच. कारण साधं आहे. थेंबाची कड आधी सुकते, ती भरून काढायला आतलं पाणी कडेकडे वाहतं आणि रंगाचे कण बरोबर घेऊन जातं. खाजणातल्या चिखलावर हेच चाललेलं असतं. आपल्या इमारतींच्या भिंतींवरही तेच, छज्ज्याखाली ओघळ येतात आणि ऑक्टोबरात शेवाळं वाळून काळं पडतं. पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो म्हणून इमारतीची ती बाजू जास्त काळवंडते. तुमच्या सोसायटीला एक फेरी मारून बघा. ही रेघ मी ब्रशनं ओढत नाही. पाण्याला करू देते आणि कुठं थांबवायचं तेवढं ठरवते. थर द्यायचा, अर्धा सुकू द्यायचा, जुन्या सुती साडीच्या फडक्यानं पुसायचा, जे उरेल त्यावर दुसरा थर. खाडीत भरती-ओहोटी जे करते तेच हात करतात, आणि मग चित्रात खाडी ‘दिसण्याची’ गरज उरत नाही.

दोन सूचना मात्र. ॲक्रिलिकमध्ये नुसतं पाणी वाढवत गेलात तर रंगाला धरून ठेवणारं माध्यम विरळ होतं आणि सुकलेला थर हाताला लागतो. कॅनव्हासवर पातळ हवं असेल तर पाण्याबरोबर ॲक्रिलिक मीडियम घाला. कागदावर एवढी चिंता नाही, कागद रंग पिऊन घेतो. दुसरं म्हणजे ॲक्रिलिक सुकल्यावर किंचित गडद होतं, कारण ओलं असताना ते माध्यम दुधाळ असतं आणि सुकल्यावर पारदर्शक होतं. ओल्यात जमलेला हिशेब सकाळी बिघडलेला दिसला तर घाबरू नका, एक छटा फिकी धरून चला. जुलैत थर सुकायला तास लागतात, मे महिन्यात ब्रश फिरवेपर्यंत सुकतो. मी ओतण्या-पुसण्याचं काम पावसाळ्यात करते आणि कोरड्या, खरडलेल्या पृष्ठभागांचं काम एप्रिल-मेमध्ये. हवामान हा सुद्धा निसर्गच की. त्याच्याशी भांडत बसण्यापेक्षा त्याच्या वेळापत्रकानं काम केलं तर बरंचसं फुकट मिळतं.

रंगांबद्दल तुम्ही विचारलं नाहीये, पण ‘कोकणात रंग आहेत, मुंबई करडी आहे’ असं एक वाक्य तुमच्या प्रश्नात आहे आणि त्यावर मला बोलायचंय. करडा रंग काळा-पांढरा मिसळून करत असाल तर मुंबई करडीच दिसणार. अल्ट्रामरीन हा निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी मिसळा, थोडा पांढरा घाला. निळं किंचित वाढवलं की पाऊस यायच्या आधीचं आभाळ, तांबडं वाढवलं की ओहोटीचा चिखल. या दोनच नळ्यांत पाच-पन्नास करडे सापडतील आणि ते एकमेकांशेजारी बोलतात. महिनाभर पांढरा सोडून तिसरा रंग उघडू नका. मग बाहेर बघा. देशी बदामाची पानं गळण्याआधी लाल होतात, पण सगळी एकदम होत नाहीत. एवढ्या मोठ्या हिरव्या झाडात मूठभर लाल असतं आणि सगळं झाड तेवढ्यावर तोललेलं असतं. लाल किती घालायचा, हे बदामाइतकं नेमकं मला कुणी शिकवलेलं नाही.

आता आठवणीबद्दल. खाडीचे ते कागद चित्र करताना समोर ठेवायचे नाहीत. आठवडाभर बघितलं, काढलं, रविवारी कॅनव्हासपुढं उभं राहताना वही कपाटात. जे लक्षात राहिलं तेच कामाचं, बाकीचं नुसतं दिसलं होतं. चित्रकार सय्यद हैदर रझांचं उदाहरण यासाठी बघण्यासारखं आहे. वडील वनखात्यात, लहानपण मध्य प्रदेशातल्या मंडल्याच्या बाजूच्या जंगलात. १९५० मध्ये ते फ्रान्सला गेले आणि २०१० च्या अखेरीस कायमचे परतले. साठ वर्षं तिकडे राहून त्यांच्या चित्रांत इकडचं रान, इकडची माती आणि रात्र येत राहिली. त्या रानापासून ते हजारो मैल लांब होते. तुम्ही तर तारकर्लीपासून एका रात्रीच्या अंतरावर आहात.

आपल्या शहरातली उदाहरणं सुद्धा याच अंगानं बघा. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे १९४८ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून बाहेर पडले आणि पुढं वॉर्डन रोडवरच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये काम करायचे, खाली समुद्र. त्यांच्या चित्रात लाट शोधू नका, सापडणार नाही. रोलर आणि नाइफनं रंग चढवायचा, उतरवायचा, थांबायचं, पुन्हा चढवायचा, अशी त्यांची रीत होती. चित्राच्या आतून येणारा उजेड त्या थरांतून येतो. चित्रकार नसरीन मोहमदींनीही तिथं काम केलं. अलिबागजवळच्या किहीमचा किनारा त्यांच्या घरचाच. त्यांनी वाळूचे, पाण्याचे, रस्त्यांचे फोटो काढले, पण त्यावरून चित्रं रंगवली नाहीत. त्यांच्या नंतरच्या कामात आहेत त्या नुसत्या रेषा, मोजूनमापून, उपकरणं लावून ओढलेल्या. म्हणजे फोन टाकून द्या असं मी म्हणत नाहीये. फोटो ही बघण्याची एक कसरत म्हणून काढा, नकलेचा नमुना म्हणून नको. आणि डच चित्रकार मोंद्रियान. त्यानं आधी वर्षानुवर्षं झाडं काढली, मग १९१४-१५ च्या सुमाराला हॉलंडच्या किनाऱ्यावरचा समुद्र नुसत्या आखूड उभ्या-आडव्या रेघांत मांडला. तो समुद्र झाडांच्या नंतर आला. मधली वर्षं गाळून थेट रेघांवर उडी मारली की चित्र पुन्हा सोफ्याच्या वर जातं.

फोर्टात नोकरी आहे म्हणता, तर याचा फायदा घ्या. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जहांगीर निकल्सन संग्रहाचं दालन आहे, समोर चौकात राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, जरा पुढं जहांगीर आर्ट गॅलरी. मांडणी बदलत असते, काय भेटेल ते भेटेल. एखाद्या अमूर्त चित्रासमोर आधी लांब उभे राहा, मग अगदी बाजूनं, तिरक्या उजेडात बघा. कॅनव्हासच्या जाडीवर, म्हणजे फ्रेमच्या बाजूच्या कडेवर, खालच्या थरांचे रंग ओघळलेले असतात. पुढून दिसणाऱ्या शांत करड्याखाली कधी नारिंगी निघतो. पुस्तकातल्या छापील चित्रात हे कधीच कळत नाही. डबा खाऊन उरलेल्या वेळात एकच चित्र बघा, सगळं दालन नको.

हे सगळं सर्वांना लागू आहे असं नाही. काही उत्तम अमूर्त चित्रकारांचा निसर्गाशी काडीचा संबंध नसतो. त्यांचं चित्र भूमितीतून येतं, अक्षरांतून येतं, संगीतातून येतं. चार-सहा महिने खाडी बघूनही तुम्हाला आत काही हललेलं वाटलं नाही, तर ‘निसर्ग ही माझी प्रेरणा’ हे वाक्य कॅटलॉग वाचून आलंय का, ते स्वतःला विचारा. आलं असेल तर सोडून द्या, त्यात कमीपणा नाही. तसंच, चित्रं विकून घर चालवायचं असेल तर गणित वेगळं. सोफ्याच्या वर लागणारी चित्रं विकली जातात, आणि ती प्रामाणिकपणे, नीट केलेली असतील तर मला त्यांच्याबद्दल आकस नाही. पण तुम्ही ज्या अस्वस्थतेनं लिहिलंय त्यावरून तुम्हाला ते नकोय असं वाटलं.

‘काहीच सुचत नाही तेव्हा काय करता?’ हाही तुमचा प्रश्न होता. कॅनव्हास ताणते, गेसोचे, म्हणजे पांढऱ्या अस्तराचे, हात मारते, पॉलिश पेपरनं घासते, रंगाच्या नळ्या पुसून ठेवते. सुचण्याची वाट बघत रिकाम्या कॅनव्हाससमोर बसत नाही. तुमच्याकडे रात्रीचा दीड तास असेल तर त्यातली निम्मी संध्याकाळ अशा हमालीत गेली तरी हरकत नाही, दुसऱ्या दिवशी पृष्ठभाग तयार मिळतो आणि त्यावर पहिला डाग टाकायला धीर लागत नाही. ‘हे काय आहे?’ असं घरच्यांनी विचारलं तर ‘माहीमची खाडी’ असं चुकूनही सांगू नका, नाहीतर ते त्यात पूल शोधायला लागतील. चित्राला नुसता महिना आणि वर्ष द्या.

राहिलं तुमच्या तारकर्ली-भंडारदऱ्याच्या जुन्या चित्रांचं. फेकू नका. त्यातलं सगळ्यात ‘छान’ ठरलेलं एक निवडा, कारण ते गमवायची भीती जास्त आणि तिचाच उपयोग होतो. बारीक पॉलिश पेपर ओला करून हलक्या हातानं घासा, उंचवटे मोडतील, खालचे थर कुठं कुठं उघडे पडतील. कोरडं करून त्यावर वर सांगितलेले दोन करडे घेऊन खाडीचं काम सुरू करा. खालचा निळा-हिरवा पूर्ण झाकायची घाई नको. हे फक्त ॲक्रिलिकच्या चित्रांना. एखादं तैलरंगातलं असेल तर त्यावर ॲक्रिलिक चढवू नका, पुढं सोलून निघेल. आणि बाकीची पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. मागून हवा खेळायला जागा ठेवा, नाहीतर बुरशी धरेल.